लेंड्या मोजून भीती मोजता येते का? कॅल्विन हॉलचा १९३४ चा पेपर आज वाचताना

परीक्षा केंद्रावर सगळ्यात लांब रांग कुठे असते? पेट असो, नेट असो, नाहीतर एमपीएससी असो, ती असते स्वच्छतागृहाबाहेर. आत्ताच जाऊन आलेला माणूस पाच मिनिटांत परत रांगेत उभा दिसतो. मराठीत या अनुभवासाठी शब्दांची वानवा नाही. पोटात गोळा येतो, पोटात कालवाकालव होते, भीतीने पातळ होते. आणि हे फक्त भीतीचं नाही. लहान मुलं आनंदाच्या भरात, हसता हसता चड्डी ओली करतात. मालक घरी आला की कुत्र्याचं पिल्लू शेपटी हलवत दारातच मुततं.

म्हणजे मन उचंबळलं की आतडं आणि मूत्राशय गप्प बसत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही संशोधनाच्या वाटेवर असाल तर पुढचा प्रश्न तुमचा आहे. सगळ्यांना ठाऊक असलेल्या अशा गोष्टीचं 'मापक' करता येतं का? एखादा प्राणी किती घाबरलाय हे त्याच्या लेंड्या मोजून सांगता येईल का?

कॅल्विन हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये 'होय' असं उत्तर दिलं. त्याच्या पेपरच्या शीर्षकातच त्याचा दावा आहे: उंदरांचं शौच आणि लघवी ही 'भावनिकते'मधल्या व्यक्तिगत फरकांची मापं आहेत. पुढे 'ओपन फील्ड टेस्ट' म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत जी चाचणी पसरली, तिचं मूळ इथे आहे. आजही औषधांच्या चाचण्यांत, जनुकांच्या अभ्यासांत उंदीर मैदानात सोडतात. आता बहुतेक वेळा त्याचं फिरणं कॅमेऱ्याने मोजतात, पण लेंड्यांची संख्या तक्त्यात अजूनही अधूनमधून दिसते.

हा पेपर मी चिकित्सेसाठी मुद्दाम निवडला, कारण तो वाईट नाही. वाईट पेपरमधून फार शिकता येत नाही. हॉलचा पेपर चांगला आहे, आणि त्याची चूक नेमक्या त्या जागी आहे जिथे तुमची-माझी होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

हॉलने केलं काय

भरपूर उजेडातलं एक गोल मैदान घ्या. व्यास साधारण १.२ मीटर, भोवती भिंत. उंदराला तिथे एकट्याला सोडायचं, रोज दोन मिनिटं, असे बरेच दिवस. उंदराच्या दृष्टीने ही वाईट जागा आहे. तो अंधारात, भिंतीच्या कडेकडेने फिरणारा प्राणी. उघडं, उजळ मैदान म्हणजे त्याला शिकारी पक्ष्याचं ताट.

हॉलने नोंदवलं की उंदराने त्या वेळात लेंड्या टाकल्या का, लघवी केली का. पहिल्या दिवसांत हे प्रमाण जास्त होतं. मैदान ओळखीचं होत गेलं तसं ते उतरत गेलं. काही उंदीर लवकर शांत झाले, काही उशिरा.

मग त्याने पडताळा घेतला. उंदीर भुकेले ठेवले आणि मैदानात खाणं ठेवलं. भूक लागलेली असून जो खात नाही, तो घाबरलेला असं मानायला हरकत नसावी. हॉलला दिसलं की जे उंदीर शौच-लघवी जास्त करतात तेच खायला तयार नसतात. दोन वेगळी मापं एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा माप खरं, असा त्याचा युक्तिवाद.

१९३४ साली हे मोठं पाऊल होतं. त्या काळी 'प्राण्याची भावना' हा शब्द काढला तरी वर्तनवादी मंडळी नाक मुरडायची. हॉलने भावनेला मोजता येणारी कार्यात्मक व्याख्या दिली. माप स्वस्त, यंत्राची गरज नाही, आणि दोन निरीक्षकांचा आकडा जवळपास सारखाच येणार. लेंडी आहे की नाही यावर वाद होत नाही. रिसर्च मेथडॉलॉजीच्या भाषेत विश्वसनीयता उत्तम.

सप्रमाणतेचं काय, म्हणजे जे मोजायचं म्हणतोय तेच मोजतोय का? इथून चिकित्सा सुरू होते.

पाठ्यपुस्तकातला तक्ता आणि उंदीर

बारावीपासून आपण एक तक्ता पाठ करत आलोय. एका बाजूला अनुकंपी म्हणजे सिम्पथेटिक चेतासंस्था, दुसऱ्या बाजूला परानुकंपी म्हणजे पॅरासिम्पथेटिक. संकटात पहिली जागी होते: हृदय जोरात, बाहुल्या मोठ्या, आतड्याची हालचाल मंद, मूत्राशयाची भिंत सैल, त्याचं आतलं तोंड घट्ट. आरामात दुसरी: पचन चालू, मूत्राशय आकुंचन पावतं, लघवी होते.

आता हा तक्ता प्रामाणिकपणे वापरून भाकीत करा. घाबरलेल्या उंदराचं काय व्हायला हवं? शौच बंद, लघवी बंद. हॉलला दिसलं बरोबर उलटं.

तक्त्यामागे खरे प्रयोग आहेत. हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅननने १८९०च्या दशकाच्या अखेरीस मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन क्ष-किरणांखाली जठराच्या हालचाली पाहिल्या. मांजर चिडलं, बिथरलं की जठराच्या लाटा थांबायच्या. १९१५ च्या त्याच्या पुस्तकात हा धागा पुढे गेला आणि 'लढा किंवा पळा' ही कल्पना घरोघरी पोचली. पण कॅननने बघितलं होतं मुख्यतः जठर आणि त्याच्या आसपासचं. तीव्र ताणात खालचं आतडं आणि मूत्राशय रिकामं होतं हे त्यालाही माहीत होतं, आणि आपल्या सुबक विभागणीत ते सहज बसत नाही याचीही त्याला जाणीव होती. पाठ्यपुस्तकांनी विभागणी उचलली, अडचण मागे ठेवली.

मग ही विसंगती झाकायला दोन ठिगळं सर्रास लावली जातात. पहिलं: 'शरीर हलकं करून पळायला सोपं जावं म्हणून.' ऐकायला झकास, पण उंदराची लेंडी म्हणजे ग्रॅमचा अंश. तेवढ्याने तो किती जोरात पळणार? आणि प्राण्याने शौच केलं तर 'हलकं होण्यासाठी', नाही केलं तर 'ऊर्जा वाचवण्यासाठी', असं दोन्हीकडून जिंकणारं स्पष्टीकरण काहीच सांगत नसतं. दुसरं ठिगळ: 'सिम्पथेटिक ओसरल्यावर पॅरासिम्पथेटिकची उसळी येते.' संकट टळल्यावरच्या शौचाला ते कदाचित लागू पडेल. पण उंदीर दोन मिनिटांच्या आत, मैदानात असतानाच लेंड्या टाकतो. परीक्षेला जाणारा पेपर सुरू होण्याआधी रांगेत असतो, संपल्यावर नाही.

खरं उत्तर शोधायला 'चेतासंस्थेचा एकच खटका' ही कल्पना सोडावी लागते. १९८१ मध्ये सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या वायली वेल यांच्या गटाने मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएफ हा ४१ अमिनो आम्लांचा रेणू शोधून काढला. ताणाच्या संप्रेरकांची साखळी हा रेणू सुरू करतो. नंतर इवेट ताशे आणि इतरांच्या प्रयोगांत दिसलं की हाच रेणू उंदराच्या मेंदूत टोचला तर जठर रिकामं व्हायचा वेग कमी होतो आणि मोठ्या आतड्याचा वाढतो. नुसतं जखडून ठेवलेल्या उंदरातही तेच घडतं, आणि सीआरएफची क्रिया अडवली की ताणामुळे होणारं शौच कमी होतं.

म्हणजे ताण 'पचन बंद' असा एक सरसकट हुकूम सोडत नाही. वरचा मजला थांबवतो, खालचा रिकामा करायला लावतो. कॅननने वरचा बघितला, हॉलने खालचा. दोघांची निरीक्षणं बरोबर. चूक आहे ती त्यांना एकाच ओळीत कोंबणाऱ्या तक्त्याची.

आता हे ध्यानात ठेवून हॉलचा पडताळा परत वाचा. न खाणं आणि लेंड्या टाकणं ही दोन स्वतंत्र मापं आहेत असं तो धरून चालला. पण जठर थंडावणं आणि मोठं आतडं हलणं एकाच आज्ञेतून येत असेल, तर त्या दोन मापांचं जुळणं म्हणजे एकाच साक्षीदाराने दोनदा दिलेली साक्ष. त्याहून वाईट शक्यताही आहे: ज्या उंदराचं पोटच बिघडलंय तो खाणारही नाही आणि लेंड्याही टाकेल, भीती असो वा नसो. पडताळ्यासाठी पोटाबाहेरचं काहीतरी हवं होतं.

तुमच्या प्रबंधात 'दोन प्रश्नावल्यांचा सहसंबंध चांगला आला, म्हणून साधन सप्रमाण' असं वाक्य लिहायची वेळ येईल, तेव्हा हा उंदीर आठवा. दोन्ही प्रश्नावल्या एकाच माणसाने, एकाच दुपारी, एकाच मूडमध्ये भरलेल्या असतात.

मूत्राशयाचं प्रकरण वेगळं

हॉलने शौच आणि लघवी एका जोडीत बांधली. ती जोडी टिकत नाही.

मूत्राशय भरताना त्याच्या भिंतीकडून मेंदूला सतत वर्दी जात असते. मोठ्या माणसाचं मूत्राशय साधारण ४०० ते ५०० मिली धरतं, पण पहिली जाणीव त्याच्या निम्म्याआधीच होते. लघवी सोडायचा खटका मेंदूच्या देठात, पॉन्समध्ये आहे. १९२५ मध्ये बॅरिंग्टनने मांजरांवरच्या प्रयोगांतून तो दाखवला. त्याच्या वर मध्यमेंदूतला एक भाग भरल्याची वर्दी तपासतो. आणि सगळ्यांच्या वर कपाळामागचा मेंदू म्हणतो, 'इथे नको, आत्ता नको.' लघवी 'लागणं' आणि लघवी 'होणं' यांच्या मधे एवढे पहारेकरी आहेत.

परीक्षेआधी पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं, आणि जाऊन बघावं तर चार थेंब. मूत्राशय भरलेलं नसतं, वर्दीला एरवीपेक्षा जास्त भाव मिळत असतो. म्हणजे 'लागणं' हे जाणिवेचं माप, 'होणं' हे स्नायूंचं. उंदराला 'लागली का' असं विचारता येत नाही, म्हणून हॉलने 'होणं' मोजलं. ठीक. पण मग निष्कर्षही तेवढाच हवा.

आणि 'होणं' तरी नेहमी भीतीच सांगतं का? १९७३ मध्ये डेजार्डिन्स, मरुनियाक आणि ब्रॉन्सन यांनी घरातल्या छोट्या उंदरांच्या पिंजऱ्यातला कागद अतिनील प्रकाशात बघितला. वरचढ नराने लघवीचे थेंब सगळ्या पिंजऱ्यात शिंपडले होते. हरलेला, दबलेला नर कोपऱ्यात दोन-चार डबकी करून गप्प. आता हॉलची मोजपट्टी लावून थेंब मोजा. दादागिरी करणारा 'भावनिक' ठरेल आणि भेदरलेला 'शांत'! पुढच्या काळात, सतत मार खाणाऱ्या उंदरांमध्ये लघवी तुंबून मूत्राशय फुगल्याचंही दिसलं आहे.

माणसातही उलटा पुरावा आहे. १९७६ मध्ये मिडलमिस्ट, नोल्स आणि मॅटर यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या पुरुषांच्या मुतारीत ६० जणांवर प्रयोग केला. शेजारी कोणी नसताना धार सुरू व्हायला सरासरी ४.९ सेकंद लागले. मधे एक जागा सोडून माणूस उभा असेल तर ६.२, आणि अगदी शेजारी असेल तर ८.४. धार टिकण्याचा वेळही तसाच घटला. त्यांचा निष्कर्ष: कोणी खेटून उभं राहिलं की मन ताणतं, आणि ताण लघवी अडवतो.

गंमत बघा. हॉलच्या पेपरात लघवी होणं ही मन ढवळल्याची खूण, मिडलमिस्टच्या पेपरात लघवी न होणं ही मन ढवळल्याची खूण. दोन्ही पेपर नामांकित, दोन्ही अनेकदा उद्धृत. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये दोन्ही आले तर काय लिहाल? 'निष्कर्षांमध्ये एकवाक्यता नाही' एवढं लिहून पुढे जाऊ नका. ते आळसाचं वाक्य आहे. दोघांनी वेगळं काय मोजलं ते लिहा. एकीकडे अनोळखी जागी आपसूक सुटलेली लघवी, दुसरीकडे ठरवून करायला गेलेल्याला सुरू करता न येणं. पहिल्यात पहारेकरी ढिले पडतात, दुसऱ्यात ते जागेवरून हलत नाहीत. उत्तेजना दोन्हीकडे आहे, पण तिचा परिणाम कुठल्या पहारेकऱ्यावर होतो ते प्रसंगावर ठरतं. लघवीवरून मागे जाऊन 'भावना' ओळखायची तर प्रसंग आधी माहीत हवा. म्हणजेच ते सर्वत्र चालणारं मापक नाही.

अवस्था की स्वभाव?

आता पेपरच्या मुळाशी जाऊ. हॉलचा सगळ्यात भक्कम पुरावा कोणता? तोच उंदीर, तेच मैदान, दिवस उलटत गेले तसं शौच कमी झालं. इथे प्रत्येक उंदराची तुलना स्वतःशीच आहे. त्याचं आतडं, लिंग, वंश, सगळं तेच. बदलली ती मैदानाची ओळख. त्यामुळे 'नवखेपणाने शौच वाढतं' हे विधान पटतं. हा पुरावा 'अवस्थे'बद्दल आहे.

पण शीर्षक काय म्हणतं? व्यक्तिगत फरक. म्हणजे हा उंदीर त्या उंदरापेक्षा भित्रा. हा दावा 'स्वभावा'बद्दल आहे. आणि दोन उंदरांच्या लेंड्यांची तुलना करायला गेलात की आतड्याची सगळी भानगड मधे येते. कोणी किती खाल्लं, शेवटचं केव्हा, मुळात कोणाचं आतडं जलद चालतं. शांत बसलेल्या दोन माणसांच्याही शौचाच्या वेळा सारख्या नसतात. एकाला दिवसातून दोनदा जावं लागतं, दुसरा दोन दिवसांतून एकदा जातो. त्यावरून दुसरा जास्त धीट असं आपण म्हणत नाही.

ही उडी पुढे महागात पडली. १९५०च्या दशकात लंडनमध्ये पीटर ब्रॉडहर्स्टने मैदानात जास्त लेंड्या टाकणारे उंदीर आपसांत, आणि कमी टाकणारे आपसांत, असे पिढ्यान्‌पिढ्या जुळवले. यातून 'मॉडस्ली रिअॅक्टिव्ह' आणि 'नॉनरिअॅक्टिव्ह' असे दोन प्रसिद्ध वंश तयार झाले. काम चिकाटीचं, अनुवंशशास्त्राच्या दृष्टीने मोलाचं. पण निवड कशाची झाली? लेंड्यांची. भित्रा मेंदू निवडला गेला असेल, चंचल आतडं निवडलं गेलं असेल, किंवा दोन्ही. वंशाला 'रिअॅक्टिव्ह' नाव दिल्यावर हा प्रश्न नावाखाली झाकला जातो. वाचणारा धरून चालतो की हे भित्रे उंदीर.

१९७३ मध्ये जॉन आर्चरने आणि १९७६ मध्ये वॉल्श आणि कमिन्स यांनी अशा चाचण्यांचा सविस्तर आढावा घेतला. तुम्ही पद्धतिशास्त्राची तयारी करत असाल तर हे दोन आढावे हॉलच्या पेपरइतकेच वाचण्यासारखे आहेत. 'भावनिकते'ची म्हणून जी मापं घेतली जातात ती एकमेकांशी नीट जुळत नाहीत. मैदानाचा आकार, उजेड, आवाज बदलला की निकाल बदलतात. नर माद्यांपेक्षा जास्त लेंड्या टाकतात, आणि काहींनी त्यावरून नर जास्त भित्रे असा सिद्धान्तही मांडला. जे माप खाण्यावर, लिंगावर, वंशावर आणि उजेडावर हलतं, त्याला 'भावनिकता' असं एकच नाव देणं हा शोध नव्हे, बारसं आहे.

आणि एकदा बारसं झालं की युक्तिवाद गोल फिरायला लागतो. उंदीर लेंड्या का टाकतो? भावनिक आहे म्हणून. भावनिक आहे कशावरून? लेंड्या टाकतो म्हणून.

माणसावर प्रयोग करायचा तर

उंदरांचं सोडा, थेट माणसाचं आतडं बघितलं तर? न्यूयॉर्कमध्ये थॉमस आल्मी यांनी १९४०च्या दशकात तेच केलं. निरोगी स्वयंसेवकांना ताण द्यायचा, आणि गुदद्वारातून नळी घालून मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग प्रत्यक्ष बघायचा. १९४९ च्या पेपरातला एक प्रसंग आजही सांगितला जातो. वैद्यकीय शाखेचा एक विद्यार्थी तपासणीसाठी तयार झाला. तपासणी चालू असताना त्याला कर्करोग असल्याचं भासवलं गेलं. त्याचं आतडं लालबुंद होऊन जोरात आकुंचन पावू लागलं. मग ते खोटं असल्याचं सांगितलं, आणि आतडं सैल पडलं.

रचना बघा: एकच माणूस, आधी, मधे, नंतर. ताण दिला तेव्हा बदल, काढला तेव्हा परत मूळपदावर. नमुना एकाचा असूनही कारण-परिणामाची साखळी बरीच स्वच्छ आहे, कारण तुलना स्वतःशी आहे. हॉलच्या पेपरातला चांगला अर्धा भाग इथे माणसात दिसतो.

पण किंमत? नळी घातलेल्या अवस्थेत पडलेल्या विद्यार्थ्याला त्याच्याच शिक्षकांच्या जगातली माणसं सांगतात की तुला कॅन्सर आहे. मिडलमिस्टच्या प्रयोगातही संमती नव्हतीच. शेजारच्या शौचालयात बसलेला निरीक्षक पुस्तकांच्या ढिगात लपवलेल्या पेरिस्कोपमधून धार बघत होता. पुढच्याच वर्षी कूचर यांनी मानवी प्रतिष्ठेच्या मुद्द्यावर या प्रयोगाची जाहीर झडती घेतली. आज कुठलीही नैतिकता समिती हे दोन्ही प्रस्ताव दारातूनच परत पाठवेल, आणि योग्यच करेल. 'तेव्हा चालायचं' हा बचाव पुरेसा नाही. ज्या शारीरिक क्रिया माणूस लपवून करतो त्या मोजताना लाजही प्रयोगात सामील होते. ती लाज म्हणजे त्या माणसाचा हक्क, आणि शिवाय मोजमाप बिघडवणारा एक चल. नीती आणि पद्धत इथे वेगळ्या नाहीत.

लाजेचा परिणाम स्व-अहवालावरही होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या पाहणीत लढाईतली छातीची धडधड बहुसंख्यांनी कबूल केली, शौच-लघवीवरचा ताबा सुटल्याचं सांगणारे बरेच कमी. यातलं किती शरीराचं आणि किती संकोचाचं, हे नुसत्या टक्केवारीतून वेगळं काढता येत नाही.

यात पणाला काय आहे

एखाद्याला वाटेल, नव्वद वर्षांपूर्वीच्या लेंड्यांवरून एवढा ऊहापोह कशाला. तर ऐका.

ताणात पोट बिघडणारी, बाहेर पडण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे हे शोधणारी माणसं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचे रुग्ण त्यातलेच. त्यांना दोन प्रकारची उत्तरं मिळतात. एक: 'तुम्ही फार टेन्शन घेता, स्वभावच तसा.' ही हॉलचीच उडी आहे, आतड्याच्या वागण्यावरून स्वभावावर. दुसरं: 'एक रेणू अडवला की झालं.' हेही तपासून झालंय. उंदरांमधल्या निकालांच्या जोरावर सीआरएफ अडवणारं पेक्सासरफाँट हे औषध जुलाबाचा त्रास असलेल्या स्त्री-रुग्णांना देऊन बघितलं. २००९ मध्ये निकाल आला: आतड्याच्या वेगावर लक्षणीय परिणाम नाही. म्हणून उंदरांवरचं काम खोटं ठरत नाही. दोन मिनिटांच्या धसक्यात उंदराचं आतडं जे करतं, तेच वर्षानुवर्षं त्रास काढणाऱ्या बाईच्या आतड्यात चालू असेल, हे गृहीतक मात्र पुराव्याशिवाय पुढे गेलं होतं. 'अवस्था' आणि 'कायमची स्थिती' यांतली तीच दरी इथेही आहे.

तुमच्या प्रस्तावासाठी

मार्गदर्शकांकडे जाण्याआधी स्वतःच्या सिनॉप्सिसला चार प्रश्न विचारा.

पहिला: माझं माप विश्वसनीय आहे म्हणून मी त्याला सप्रमाण समजतोय का? लेंड्यांची मोजणी अचूकच असते.

दुसरा: पडताळ्यासाठी घेतलेलं दुसरं माप खरंच वेगळ्या वाटेने येतं का, की त्याच पोटातून?

तिसरा: माझा पुरावा एकाच व्यक्तीतल्या बदलाचा आहे, आणि निष्कर्ष व्यक्तींमधल्या फरकाचा, असं होतंय का? तसं असेल तर शीर्षक बदला. हॉलने शीर्षकात 'व्यक्तिगत फरक' ऐवजी 'नवखेपणाचा परिणाम' लिहिलं असतं, तर पेपर आजही जवळपास निर्दोष वाटला असता.

चौथा: साध्यासुध्या कारणांचा हिशेब केला का? परीक्षेच्या रांगेकडेच परत बघा. परीक्षा बहुधा सकाळी असते. झोपेतून उठल्यावर मोठं आतडं तसंही जागं होतं, काही खाल्लं की आणखी हलतं, त्यात दोन कप चहा झालेला. हॉलमध्ये तीन तास बाहेर सोडणार नाहीत म्हणून अनेकजण न लागताही आधीच जाऊन येतात. आणि बायकांची रांग लांब असण्यामागे बहुतेक वेळा भीती नसते, संडासांची संख्या कमी असते. रांगेची लांबी मोजून 'परीक्षार्थींची भीती' असा आलेख काढायचा मोह झाला, तर त्यातली भीती वेगळी कशी काढणार ते आधी लिहा.

ते लिहिता आलं, तर तुमच्याकडे संशोधनाचा प्रश्न आहे. नाही आलं, तर सध्या तुमच्याकडे फक्त रांग आहे.